एका सामन्याचा हंगाम

हंगाम म्हणजे काय हे नामपल्लीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १ जानेवारीला एक्झिबिशन ग्राउंडचे दरवाजे उघडतात, ‘नुमाइश’ सुरू होते आणि १५ फेब्रुवारीपर्यंत ४६ दिवस हैदराबादची संध्याकाळ तिकडेच वळते. काश्मिरी शालवाले, लखनौचे चिकनवाले आपापल्या ठरलेल्या जागी येऊन बसतात आणि गिऱ्हाईकही त्यांना गेल्या वर्षीच्या ओळखीने शोधत येते. ही नुमाइश १९३८ साली सुरू केली ती उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांच्या संघटनेने, शेजारच्याच बाग-ए-आममध्ये, म्हणजे आजच्या पब्लिक गार्डन्समध्ये. १९४६ पासून ती आताच्या मैदानावर भरते. त्याच विद्यापीठातून, जवळपास त्याच काळात, या शहराला आणखी एक हंगाम मिळाला होता, फुटबॉलचा. पहिला हंगाम टिकला, दुसरा आटत गेला. हैदराबादी फुटबॉलच्या ऱ्हासावर बरेच लिहिले गेले आहे आणि त्यात दोष सहसा माणसांना दिला जातो: प्रशिक्षक गेला, खेळाडू कोलकात्याला गेले, संघटनेत भांडणे झाली, क्रिकेट आले. यातले काहीच खोटे नाही. पण ही सगळी कारणे ज्या एका पोकळीत शिरली, ती पोकळी कॅलेंडरमधली होती असे मला वाटते. कॉलेजातल्या मुलाला वर्षभरात किती सामने खेळायला मिळतात, हा साधा हिशेब आपण कधी मांडतच नाही.

तो मांडून पाहू. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सर्वसाधारणपणे बाद पद्धतीने खेळवला जातो. क्रीडा विभागात ड्रॉ निघतो, कुणाला बाय मिळते, कुणाचा प्रतिस्पर्धी आलाच नाही म्हणून वॉकओव्हर मिळतो आणि आठवडाभरात कप कुणाचा ते ठरते. सोळा संघ धरा. सोळा संघांच्या बाद स्पर्धेत एकूण सामने होतात पंधरा. पहिल्याच दिवशी आठ संघ घरी जातात. त्या आठ कॉलेजांनी किट शिवून घेतले, पीटीच्या सरांनी पहाटे शिट्टी वाजवली, मुलांनी वर्गातली हजेरी बुडवली, आणि हातात आला एक सामना. आणखी चार संघांना दोन सामने मिळतात, दोघांना तीन. अजिंक्य संघ चार सामने खेळतो. विद्यापीठातला सगळ्यात चांगला संघसुद्धा चारच! हेच सोळा संघ एकेकदा एकमेकांशी खेळले तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा सामने येतील आणि एकूण होतील एकशेवीस. म्हणजे त्याच मुलांना, त्याच चेंडूवर, आठपट खेळ. शेवटच्या चार संघांत साखळी ठेवण्याची पद्धत आहे, पण साखळीची गरज ज्यांना सगळ्यात कमी त्यांनाच ती मिळते. पुढे विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो दक्षिण विभागीय स्पर्धेला जातो, तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची ही विभागवार चाळणी देशभर सारखीच आहे, आणि चाळणी म्हणून तिच्यात काही खोट नाही. मात्र चाळणी धान्य निवडते, पिकवत नाही. कॉलेजच्या संघाचा ‘हंगाम’ असा शब्द आपण वापरतो तेव्हा एका बसप्रवासाला आणि एका सामन्याला तो शब्द लावत असतो.

मुळात हैदराबादेत हे असे नव्हते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे. वर्ग १९१९ साली भरू लागले ते आजच्या अडिकमेटच्या भव्य आवारात नव्हे, तर नामपल्लीपासून हाकेच्या अंतरावरच्या गनफाउंड्री भागातल्या भाड्याच्या इमारतींत. आर्ट्स कॉलेजची ती प्रसिद्ध वास्तू उभी राहायला १९३९ उजाडले. शेजारी निजाम कॉलेज होते, १८८७ पासूनचे, पण ते मद्रास विद्यापीठाला जोडलेले. समोर फतेह मैदान. औरंगजेबाच्या फौजेचा तळ गोवळकोंड्याच्या वेढ्यात इथे पडला होता आणि विजयानंतर मैदानाला हे नाव मिळाले असे सांगतात. तर या एवढ्याशा टापूत दोन वेगवेगळ्या विद्यापीठांची पोरे, एक मोठे मैदान, रेल्वे स्टेशन आणि पलीकडे मल्लेपल्ली, आगापुरा अशा वस्त्या. मराठी वाचकाने हे शहर परके समजण्याचे कारण नाही. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतल्या मुलांचे विद्यापीठ तेव्हा हेच होते. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात उस्मानियातून काढून टाकलेली मुले नागपूरला गेली, तो इतिहास आपल्याकडे शिकवला जातो. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघेपर्यंत मराठवाड्यातल्या कॉलेजांचा हैदराबादशी असलेला धागा तुटला नव्हता.

या शहराचे फुटबॉल घडवणारे आणि पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा. उस्मानियातून त्यांनी पदवी घेतली आणि विद्यापीठाच्या ‘इलेव्हन हंटर्स’ या संघातून ते खेळले. या संघाची घडण ध्यानात घेण्यासारखी आहे. आजी आणि माजी विद्यार्थी त्यात एकत्र खेळत. म्हणजे पदवी मिळाली की खेळ संपला, असा प्रकार नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या शेजारी चार वर्षे मुरलेला गडी उभा असे आणि कॉलेजचा संघ दर जूनमध्ये नव्याने जन्माला येत नसे. पुढे रहीम शाळामास्तर झाले. काचीगुडा, चादरघाट अशा ठिकाणच्या शाळांत त्यांनी शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक. ‘रहीमसाब’ म्हटले की लोकांना १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके आठवतात, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक आठवतो, आणि आता अजय देवगणचा ‘मैदान’ हा चित्रपट. पण त्यांच्या कामगिरीचा कणा त्या सचिवपदात आहे असे माझे मत. प्रशिक्षकाच्या हाती अकरा खेळाडू असतात. सचिवाच्या हाती शहराचे वेळापत्रक असते.

त्या वेळापत्रकात त्यांनी काय भरले? शहराची लीग होतीच. तिच्या आजूबाजूला त्यांनी पोरांसाठी चमत्कारिक नियमांच्या स्पर्धा लावल्या. एका प्रकारात ड्रिब्लिंगला बंदी. चेंडू पायाशी आला की घोळवायचा नाही, लगेच दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्या प्रकारात फक्त कमकुवत पायाने खेळायचे. हे जरा डोळ्यांपुढे आणा. उजव्या पायाचा बारा-तेरा वर्षांचा पोरगा, समोर उघडा गोल, चेंडू बरोबर उजव्या पायावर आलेला, आणि तो मारता येत नाही. त्याला अर्धे पाऊल सरकून अंगाचा तोल पालटावा लागतो. पहिले चार चेंडू आभाळात किंवा शेजारच्या गल्लीत जाणार, बघे हसणार. दहाव्या सामन्यात तो चेंडू येण्याआधीच सरकलेला असतो. ड्रिब्लिंग बंद केले की पोरगा आपसूक मान वर करून खेळू लागतो, कारण चेंडू येण्याआधी तो कुणाला द्यायचा हे ठरलेले नसेल तर फजिती होते. मेलबर्नला गेलेल्या संघात हैदराबादचे अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम होते. त्या संघाच्या छोट्या-छोट्या पासांच्या खेळाचे कौतुक झाले, त्याची मुळे या खुळ्या वाटणाऱ्या सामन्यांत होती. आता बाद पद्धतीत ही शाळा भरवून पाहा. डाव्या पायाने खेळून हरलेला पोरगा घरी जाणार आणि पुढच्या वर्षी येणार. चूक करण्याची मुभा असेल तरच शिकणे होते, आणि ती मुभा पुढच्या रविवारच्या सामन्यातून मिळते. रहीम यांनी मुलांना युक्त्या शिकवल्या हे खरेच. त्याहून मोठे काम म्हणजे त्यांनी मुलांना पुढचा रविवार दिला.

इथे जाणकार वाचक मला थांबवेल, आणि त्याने थांबवायलाच हवे. सिटी पोलिसांनी नाव कमावले ते कुठे? रोव्हर्स कपमध्ये, ड्युरंड कपमध्ये. दोन्ही बाद पद्धतीच्या स्पर्धा. मुंबईच्या कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप या संघाने नेला; इतर कुठल्याही संघाला ते जमले नाही. मग बाद पद्धतीने बिघडले काय? आक्षेप वजनदार आहे, पण तो संघ कूपरेजवर उतरत असे तेव्हा कोणत्या तयारीने उतरत असे ते पाहावे लागते. हे खेळाडू एकाच खात्यात नोकरीला होते. रोज एकत्र सराव करत आणि घरी लीगमध्ये त्याच-त्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळून त्यांना एकमेकांचा अंदाज पक्का झालेला असे. शिवकुमार लाल यांच्यासारखे पोलीस अधिकारी पाठीशी होते, त्यामुळे प्रवासाचा आणि रजेचा प्रश्न नव्हता. पोलिसांआधीच्या सिटी अफगाण्स संघाने १९४३ साली बंगळुरूच्या ॲश गोल्ड कपमध्ये रॉयल एअर फोर्सला हरवले, ज्या संघात क्रिकेटचा डेनिस कॉम्प्टन होता; तेव्हाही घरच्या मैदानावरचा खेळ पाठीशी होता. बाद स्पर्धा ही परीक्षा आहे आणि परीक्षेला माझा विरोध नाही. वर्षभर वर्ग न भरवता मार्चमध्ये थेट परीक्षा घेणाऱ्या कॉलेजाला आपण काय म्हणू, एवढेच विचारायचे आहे. रोव्हर्स कप हा हैदराबादी हंगामाचा कळस होता. आजच्या कॉलेज संघाला आपण कळस दाखवतो आणि खाली देऊळ बांधतच नाही.

रहीम ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने गेले, जकार्तातल्या १९६२ च्या सुवर्णपदकाला वर्षही झाले नव्हते. त्यांच्याबरोबर हैदराबादचे फुटबॉल गेले, असे वाक्य जवळजवळ प्रत्येक लेखात असते. तारखा मात्र तसे सांगत नाहीत. संतोष ट्रॉफी हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ मध्ये जिंकली, दोन्ही अंतिम सामन्यांत मुंबईला हरवून. गंमत अशी, की हैदराबाद नावाचे राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजीच तीन तुकड्यांत वाटले गेले होते आणि त्यातला मराठी तुकडा मुंबई राज्यात सामील झाला होता. आंध्र प्रदेशाच्या नावाने हीच ट्रॉफी पुन्हा आली ती १९६५-६६ मध्ये. म्हणजे गुरू गेल्यावर दोन-तीन वर्षांनी. उलट खेळाडूंनी शहर सोडणे गुरू हयात असतानाच सुरू झाले होते. सिकंदराबादकडचा बलराम १९५७ लाच ईस्ट बंगालला गेला. नईमुद्दीन आणि हबीब १९६६ मध्ये गेले. पुढे १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळाले तेव्हा नईमुद्दीन कर्णधार होता आणि हबीब संघात होता, पण दोघांचीही कीर्ती एव्हाना कोलकात्याची झाली होती. हा क्रम मला बोलका वाटतो. रहीम यांच्या वेळापत्रकात वाढलेली पोरे काही वर्षे पुरली. विहिरीचा झरा बंद झाला तरी बादली काही दिवस भरून येते, तसे. झरा आटल्याचे कळायला वेळ लागला आणि तोवर दोष द्यायला इतर कारणे हजर झाली होती.

कोलकात्याची ओढ पैशाची होती, हे मान्यच. क्लबांनी नोकऱ्या दिल्या, पैसे दिले, ‘बडे मियाँ’ म्हणून हबीबला डोक्यावर घेतले. पण पैशाच्या जोडीला तिथे दुसरीही एक गोष्ट होती, ती म्हणजे १८९८ पासून चाललेली लीग. मे-जूनपासून पाऊस-चिखलात आठवड्यामागून आठवडा सामने, संध्याकाळी मैदानावर जाणारे शहर, सकाळी वर्तमानपत्रात गुणतक्ता. खेळाडू म्हणून जगायचे असेल तर सामने हवेत आणि सामने जिथे होते तिथे खेळाडू गेले. तसे पाहिले तर हैदराबादने आपली मुले कोलकात्याला दिली नाहीत; हैदराबादचा हंगाम आखूड होत गेला तेव्हा कोलकात्याच्या हंगामाने ती ओढून घेतली. मुंबईतही गिरणी, बँक, रेल्वे, कस्टम्स या नोकरदार संघांचे दिवस गेले तेव्हा काय झाले, हे रोव्हर्स कपच्या अखेरीवरून समजते. १८९१ चा हा कप २००० नंतर बंद पडला आणि कुणाला फारशी चुटपुटही लागली नाही. नोकरदार संघ गेल्यावर त्यांची जागा घेण्याची ताकद असलेली संस्था कोणती उरते? कॉलेज. मुले तिथे आयती गोळा होतात, मैदान बहुधा असते, क्रीडा शुल्क दरवर्षी भरलेले असते. आणि नेमक्या त्याच संस्थेकडे आपण आठवडाभराची स्पर्धा ठेवली.

मग अभ्यासाचे काय? हा आक्षेप पालकांचा आहे, प्राचार्यांचा आहे, आणि सेमिस्टर पद्धत आल्यापासून तो अधिकच धारदार झाला आहे. वर्षातून दोनदा परीक्षा, मध्ये अंतर्गत मूल्यमापन, प्रोजेक्ट. यात पंधरा सामने बसवायचे कुठे? याच्याच जोडीचा दुसरा आक्षेप असतो, की आता फुटबॉलपटू अकादमीत घडतात, बाराव्या वर्षी निवडले जातात आणि अठराव्या वर्षी करार करतात, तेव्हा कॉलेजचा संघ ही जुनाट कल्पना आहे. दोन्हींना एकच उत्तर आहे आणि ते जपानमध्ये आहे. तोक्योच्या परिसरातल्या विद्यापीठांची कांतो लीग आहे. तिच्या पहिल्या श्रेणीत बारा संघ, प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळतो, म्हणजे प्रत्येकी बावीस सामने, वसंतापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत. काओरू मितोमा हा मुलगा कावासाकी फ्रोंताले क्लबच्या अकादमीतच वाढला. अठराव्या वर्षी क्लबने त्याला वरच्या संघात घ्यायचे ठरवले. तो म्हणाला, अजून नाही. आणि त्सुकुबा विद्यापीठात गेला. तिथे त्याने प्रबंध लिहिला तो ड्रिब्लिंगवर. पदवी घेऊनच तो व्यावसायिक झाला, पुढे इंग्लंडमध्ये ब्रायटनकडून आणि विश्वचषकात जपानकडून खेळला. हैदराबादच्या एका मास्तराने ड्रिब्लिंगवर बंदी घालून मुले घडवली आणि त्सुकुबाच्या एका विद्यार्थ्याने ड्रिब्लिंगचाच अभ्यास केला. वरवर उलट्या दिसणाऱ्या या दोन गोष्टी एकाच ठिकाणी मिळतात. दोन्हीकडे खेळाकडे शिकण्याचा विषय म्हणून पाहिले गेले आणि दोन्हीकडे दर आठवड्याला सामना होता. अमेरिकेतले कॉलेज फुटबॉल मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तो खेळ वेगळा, लंबगोल चेंडूचा, आणि लाखभर प्रेक्षकांची स्टेडियमे बांधणारी ती विद्यापीठे आपल्या कामाची नाहीत. पण तिथेही प्रत्येक संघाचे बारा सामने ठरलेले असतात आणि पहिला हरला म्हणून कुणी दुसरा काढून घेत नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

अभ्यासाच्या आक्षेपाचे आणखी एक अंग आहे. आठवड्याला एक सामना, तोही रविवारी, याने अभ्यास बुडत नाही. तो बुडतो सध्याच्या पद्धतीने, कारण आठवडाभराची स्पर्धा म्हणजे सलग आठवडाभर गैरहजेरी, विभागीय फेरी म्हणजे रेल्वेचा प्रवास धरून दहा-बारा दिवस, आणि नेमके त्याच दिवसांत कुणाची तरी प्रॅक्टिकल्स. शिवाय शरीराचाही विचार हवा. वर्षभर रिकामे बसलेले पाय लागोपाठच्या दिवशी सामने खेळतात तेव्हा गुडघा आणि घोटा बोलू लागतो. साखळी सामन्यात मध्ये सहा दिवस विश्रांती असते. मुलींच्या संघांना तर या पद्धतीचा फटका दुहेरी बसतो. संघ आधीच मोजके, त्यामुळे ड्रॉ लहान; दोन वॉकओव्हर आणि एक सामना खेळून अजिंक्यपद, असेही होऊ शकते. कपाटात ढाल येते, खेळ येत नाही. निजामाबादकडची सौम्या गुगुलोथ भारताकडून खेळते म्हणून तेलंगणातल्या मुलींचे फुटबॉल ठीक चालले आहे, असे कुणी समजू नये.

मैदानाचा आक्षेप सगळ्यात खरा. फतेह मैदानाचे १९६७ साली लालबहादूर स्टेडियम झाले आणि त्यानंतर तिथे खेळाबरोबर बरेच काही झाले. १९८३ साली एन. टी. रामाराव यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ तिथेच घेतली, डिसेंबर २०२३ मध्ये रेवंत रेड्डी यांनीही. शहराच्या मध्यावर एवढी मोकळी जागा दुसरी नाही, तेव्हा सरकारचे पाय तिकडेच वळणार. पलीकडे गोशामहलचे पोलीस मैदान. तिथे ३१ जानेवारी २०२५ रोजी उस्मानिया रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन झाले. जुन्या रुग्णालयाची अवस्था पाहता नवे हवे होते यात वाद नाही. रुग्णालय विरुद्ध फुटबॉल अशी लढत लावली तर फुटबॉलने हरावेच. पण मैदाने अशी एकेक करून योग्य कारणांसाठीच जातात, हे त्यातले दुखणे आहे. उरलेल्या मैदानावर हक्क कुणाचा, हे शेवटी वहिवाटीने ठरते. वर्षातून एक आठवडा वापरले जाणारे मैदान मोकळे दिसते आणि मोकळी दिसणारी जागा कुणाच्या तरी फायलीत जाते. दर रविवारी जिथे चार सामने होतात, तिथे मांडव घालायला येणाऱ्या माणसाला आधी कुणाला तरी विचारावे लागते. म्हणून मैदान नाही तर हंगाम कसा, हा प्रश्न मला उलटाही विचारावासा वाटतो: हंगाम नसेल तर मैदान टिकेल कशाच्या जोरावर?

कुणी म्हणेल, व्यावसायिक क्लब आला की सगळे सुरळीत होते. हैदराबादला तोही आला. २०१९ साली पुण्याचा एफसी पुणे सिटी बंद झाला, त्याची जागा घेऊन हैदराबाद एफसी उभा राहिला; बालेवाडीचा संघ गच्चीबावलीला गेला म्हणा. तीन वर्षांत तो इंडियन सुपर लीगचा विजेता झाला. २० मार्च २०२२, फातोर्डा. केरला ब्लास्टर्सविरुद्ध बरोबरीचा गोल साहिल तावोराचा, पेनल्टी अडवणारा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, दोघेही गोव्याचे. गोव्याला लीग आहे, गावागावांत संघ आहेत, तिथली मुले कुठल्याही शहराच्या नावाने खेळू शकतात. हैदराबादच्या संघाला वीस सामन्यांचा हंगाम होता, पण तो शहरात रुजलेला नव्हता. आधी पगार थकल्याच्या बातम्या आल्या, मग २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला. पुण्याहून आला तसा गेला. वरून लावलेले रोप बदलता येते. इलेव्हन हंटर्स कुणाला दिल्लीला नेता आला नसता.

आणि पैसा? या प्रश्नाला कोल्हापूर उत्तर देते. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस अशा तालमींचे आणि मंडळांचे संघ आहेत. पाऊस सरला की कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची लीग लागते, शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात आणि उन्हाळ्यापर्यंत शहर दुसरे काही बोलत नाही. भांडणे होतात, पंचांना शिव्या बसतात, पोलीस बंदोबस्त लागतो. सगळे गोड आहे असे नाही. पण इंडियन सुपर लीगचा क्लब नाही, मोठा उद्योगसमूह नाही, तरी २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. तालीम हे कोल्हापूरचे इलेव्हन हंटर्स आहे: आजी-माजी एकत्र, नाव पेठेचे, आणि सामना पुढच्या आठवड्यालाही आहेच. मलबारातले सेव्हन्सचे फड घ्या. नोव्हेंबर ते मे गावोगाव तात्पुरत्या गॅलऱ्या उभारून सामने चालतात, तिकिटावर खर्च निघतो. फुटबॉल संघटना त्याच्याकडे नाक मुरडत आल्या आहेत, पण पोरांना पाय हलवायला तिथे जागा आहे. या दोन्ही ठिकाणी हंगाम आधी आला आणि पैसा त्याच्या मागून.

नामपल्लीच्या आसपास पायी किंवा दुचाकीवर सहज पोहोचता येईल अशा अंतरात निजाम कॉलेज आहे, मल्लेपल्लीचे अन्वर-उल-उलूम आहे, मराठी माणसांनी उभे केलेले जामबागचे विवेक वर्धिनी आहे, काचीगुड्याचे बद्रुका आहे. आणखी चार नावे शोधायला कुणाला अडचण पडू नये. आठ संघ झाले. आठ संघ एकेकदा एकमेकांशी खेळले तर सामने अठ्ठावीस: रविवारी चार, असे सात रविवार. रहीम यांच्या काळात देशातले सामने सत्तर मिनिटांचेच असत. तेवढाच खेळ ठेवला आणि मध्यंतर व मैदान बदलायला मिळून दहा मिनिटे धरली, तर सकाळी साडेसहाला पहिली शिट्टी वाजून चौथा सामना बाराला दहा मिनिटे कमी असताना संपतो. एकच मैदान, दोन जाळ्या, आठ जर्सींचे संच, तीन-चार रेफ्री. २०२७ साली १ जानेवारी शुक्रवारी येते. नुमाइशीच्या ४६ दिवसांत त्या वर्षी बरोबर सात रविवार आहेत: ३, १०, १७, २४ आणि ३१ जानेवारी, ७ आणि १४ फेब्रुवारी. शेवटचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी शालवाले गाठोडी बांधायला घेतील.